मागे सरायला जागा नाही

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला बुद्ध निजलेला आहे. मूर्ती सुमारे सात मीटर लांब, समोर खांबांची रांग, आणि मधली वाट बोळाएवढी. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स डोळ्याला लावली तर डोकं उशीसकट आलं, कंबर आली आणि तिथे चौकट संपली. मागे सरलो तर पाठ खांबाला टेकली. खांबापलीकडे गेलो तर खांबच बुद्धाच्या पोटावर उभा.

"दोन फोटो काढा आणि जोडा," सौ. म्हणाली. ब्लाउजपीस कमी पडलं की ती हेच करते.

जळगावला परतल्यावर मी वाइड लेन्सच्या मागे लागलो. आमच्या गावात कुठल्याही खरेदीला सोन्याचं माप लागतं. नव्या लेन्सची किंमत ऐकून सौ.ने मनातल्या मनात तिची अंगठी घडवली, बोटात घालून पाहिली आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर सेकंडहँडशिवाय मार्ग उरला नाही.

धुळ्याचा भाचा लग्नांचे फोटो काढतो. तो म्हणाला, "मामा, तुमची बॉडी कॅनॉनची ना? मग १०-१८ घ्या डोळे झाकून." ही लेन्स २०१४ साली आली. वजन २४० ग्रॅम. बामणोदचं भरताचं एकच वांगं याहून जड भरतं. माझ्या लेन्सला १८ वर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७४ अंश दिसायचं, हिला १० वर १०७. माझा जीव मात्र टोकिनाच्या ११-१६ मध्ये अडकलेला, कारण ती २.८ पर्यंत उघडते आणि लेण्यात अंधार, फ्लॅशला बंदी. भाच्याने एका वाक्यात माझे पैसे वाचवले. "निजलेला बुद्ध हलत नाही मामा, हलतो तो तुमचा हात." आणि हलत्या हाताची सोय १०-१८ मध्ये आहेच.

म्हणून एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला गेलो. भाच्याच्या ओळखीचे एक फोटोवाले धंदा आवरत होते. त्यांनी लेन्स रुमालातून अशी काढली, की मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा. मी मोबाइलचा टॉर्च मागून लावला आणि काचेत बुरशीचं जाळं दिसतंय का ते पाहिलं. "बुरशी कोकणात भाऊ," ते म्हणाले, "इथे पंचेचाळीस डिग्रीत ती जगेल का?" उन्हाळ्याचा असा उपयोग मी प्रथमच ऐकला. धुळीचे दोन कण होते. तेवढ्यावर पाचशे रुपये कमी करून घेतले.

परतण्याआधी भाच्याच्या गाडीवरून लळिंगला गेलो. आग्रा रोडवरून किल्ला काय रुबाबदार दिसतो! पायथ्याशी लेन्स १० वर नेली आणि मोठ्या हौसेने बटण दाबलं. फोटोत पुष्कळ आभाळ, पुष्कळ दगडगोटे, मध्ये किल्ला म्हणून एक मुरमाचा ढीग आणि खाली माझ्या चपलेचं टोक. सगळं मावलं होतं, पण लांबचं सगळं बारीक झालं होतं. भाचा म्हणाला, "वाइड लावली की पुढे सरायचं असतं." हे पैसे देण्याआधी सांगायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात नात्यातलं लग्न होतं. स्टेजवर अख्खी भाऊबंदकी एका फोटोत बसवली. आत्या अगदी कडेला. या लेन्समध्ये कडेची माणसं आडवी ताणली जातात हे मला ठाऊक होतं, आत्याला नव्हतं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

असं झालं की मला चाळीसगावचे केकी मूस आठवतात. हा मोठा छायाचित्रकार (१९१२-१९८९) स्टेशनजवळच्या बंगल्यात कित्येक दशकं स्वतःला जवळजवळ कोंडून राहिला आणि टेबलावर निसर्ग मांडून त्याचे फोटो काढत राहिला. त्यांना किल्ल्याला जायचं नव्हतं, की आत्याला उभं करायचं नव्हतं.

हिवाळ्यात पुन्हा अजिंठ्याला गेलो. पाठ त्याच खांबाला टेकवली, श्वास रोखला. आख्खा बुद्ध आला, उशीपासून तळव्यापर्यंत. गर्दीमुळे मी पायांच्या बाजूला उभा होतो, त्यामुळे पावलं डोक्यापेक्षा मोठी आली. मी फोटो पुसायला निघालो.

"राहू द्या," सौ. म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं गावोगाव चालले होते ते. पाय मोठे असणारच."