उच्चारशुद्धीचे फर्मान

इंग्रजी भाषेचे व्याकरण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारे आणि तिचे वाङ्मय परीक्षेपुरत्या मार्गदर्शिकांच्या कृपेने ज्यांनी एकदाचे पदरात पाडून घेतले, त्या आमच्या मध्यमवर्गीय बांधवांना अलीकडे असा साक्षात्कार झाला आहे की, आपण आजवर बोलत आलो ते इंग्रजी नसून इंग्रजी शब्दांचे मराठी पठण होते. या साक्षात्कारापाठोपाठ गल्लोगल्ली उच्चारसुधारणेचे वर्ग निघाले असून, परदेशी गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी टेलिफोनवर ऐकून घेण्याच्या नोकरीचे उमेदवार आणि नातवंडांशी अमेरिकेत बोलता यावे म्हणून झुरणारे पेन्शनर मामलेदार तेथे एकाच बाकावर ओठ मुरडीत बसलेले आढळतात.

अशा एका वर्गात आम्ही परवा प्रेक्षक म्हणून हजर होतो. मास्तरांनी प्रत्येकाच्या हाती कागदाची एक पट्टी दिली, ती ओठांपुढे धरावयास सांगितले आणि 'पेन' म्हणण्याचा हुकूम सोडला. एकाही पट्टीने जागा सोडली नाही. शब्दारंभीच्या प, ट, क या वर्णांत इंग्रज हकाराची एक फुंकर मिसळतो, आणि ती नसली की आपले 'पेन' त्याच्या कानी 'बेन' होऊन पडण्याचा संभव असतो, हे शास्त्र खरेच आहे. परंतु प आणि फ यांतील भेद ज्यांना बाराखडीबरोबरच पाठ होतो त्यांना फुंकर घालण्याची शिकवणी लावावी लागावी, हा दैवदुर्विलास नव्हे काय? पुढे 'व'ची पाळी आली. खालचा ओठ दातांखाली धरला तर एक वर्ण निघतो, दोन्ही ओठांचा चंबू केला तर दुसरा. आमचा बिचारा व या दोहोंच्या हद्दीवर उभा असल्यामुळे त्याला कोणत्याच सरकारची सनद नाही. 'व्हेरी वेल' म्हणताना मामलेदारसाहेबांनी तर ओठ असा करकचून चावला की, त्यांस 'वेल' म्हणवेना.

वास्तविक मेख वर्णांत नसून आघातात आहे. 'फोटोग्राफ' या शब्दात जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आणि ज्यावर जोर नाही त्या स्वरांनी कलेक्टर कचेरीत शिरताच पट्टेवाल्यांनी अंग चोरावे तसे अंग चोरून 'अ'कारात लपावयाचे. आम्ही मराठी माणसे सर्व अक्षरांस सारखाच मान देतो, म्हणून साहेबास आमचे बोलणे कळत नाही. पण आघात शिकवावयाचा तर कान लागतो, कागदाच्या पट्टीने भागत नाही. सबब अभ्यासक्रमात त्यास अखेरचा अर्धा तास दिलेला होता.

ही विद्या मूळची विलायतेतलीच. 1761 साली टॉमस शेरिडन नावाच्या आयरिश गृहस्थाने एडिंबरोस जाऊन तेथील प्रतिष्ठित स्कॉट मंडळींस इंग्रजांसारखे इंग्रजी कसे बोलावे यावर व्याख्याने दिली, आणि मंडळींनी ती भक्तिभावाने ऐकली. 1917 साली डॅनिएल जोन्स यांनी उच्चारकोश सिद्ध केला तेव्हा प्रमाण धरले ते दक्षिण इंग्लंडातील, मुलगे खर्चिक निवासी शाळांत धाडणाऱ्या घराण्यांचे बोलणे. बी.बी.सी.ने 1926 साली शब्दोच्चार ठरविण्याकरिता समिती नेमली. 1930 पासून तिचे अध्यक्षस्थान ज्यांनी भूषविले ते बर्नार्ड शॉ डब्लिनचे! म्हणजे स्कॉटांस आयरिश मनुष्याने शिकवावे आणि इंग्रजांच्या उच्चारांचा निवाडाही आयरिश मनुष्यानेच करावा, अशी ही परंपरा आहे. तिच्यात आमच्या सदाशिव पेठी मास्तरांनी बसू नये असे कोण म्हणेल?

उलटपक्षी, जो साहेब येथे आला त्याने आपल्या जिभेस असला त्रास मुळीच दिला नाही. त्याने पुण्याचे 'पूना' केले, खडकीचे 'किरकी' केले, आणि पोर्तुगीजांनी आधीच वाकविलेल्या वसईचे 'बेसीन' करून त्याच नावाने 1802 चा तह दप्तरी दाखल केला. खडकीच्या एकाही रहिवाशाने त्याच्या ओठांपुढे कागद धरल्याची नोंद नाही. उलट स्टेशनावरील पाटीच त्याच्या जिभेप्रमाणे रंगविण्यात आली. रयतेची जीभ अडखळली तर तो दोष, आणि अंमलदाराची अडखळली तर ते गॅझेट, इतका हा कायदा सुटसुटीत आहे.

तो फक्त इंग्रजीलाच लागू आहे अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली, तेव्हा आमच्या प्राध्यापकमहाशयांनी दुरुस्तीस घेतली ती मराठी जीभच. आणि प्रेक्षागृहातील आम्हा शुद्ध मंडळींस त्यात काही वावगे वाटल्याचे ऐकिवात नाही.

त्या दिवशी वर्गाच्या मधल्या सुटीत चहाच्या दुकानातला पोऱ्या किटली घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "मास्तर, पानी बी आनू का?" नुकत्याच 'व'च्या संकटातून बाहेर पडलेल्या मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "पानी नव्हे रे, पाणी! आनू नव्हे, आणू! म्हण पाहू." पोऱ्याने म्हटले, "पानी," आणि सबंध वर्ग पोट धरून हसला. मामलेदारसाहेबांनी सुजलेला ओठ सावरीत तेथल्या तेथे सूचना मांडली की, असल्या मुलांकरिताही एक शुद्धोच्चाराचा वर्ग काढण्यात यावा. सूचना एकमताने संमत झाली. फी किती आकारावी, एवढाच मुद्दा पुढील बैठकीवर टाकण्यात आला.