वाचाच!

त्यांचं खरं नाव नोटीस बोर्डावर आहे, पण आमच्या सोसायटीत त्यांना 'वाचाच' म्हणतात. लिफ्ट बंद पडली, मुलाला मार्क कमी पडले, सून वेगळी राहायला गेली, काहीही सांगा; ते चष्मा कपाळावर सरकवून एका पुस्तकाचं नाव सांगतात. डॉक्टर औषध देण्याआधी जीभ तरी बघतात, हे तेवढंही नाही. "वाचाच. मुळापासून हलाल!"

त्यांची पुस्तकं हंगामी असतात. आधी अयन रँडचं 'फाउंटनहेड' होतं. माणसानं स्वतःपुरतं जगावं, हे पटल्यामुळे त्यांनी मेंटेनन्स थकवला. मग हरारींचं 'सेपियन्स' आलं. पैसा म्हणजे सगळ्यांनी मिळून खरी मानलेली कल्पना, हे कळल्यावर मेंटेनन्स पुन्हा थकला. विचार आमूलाग्र बदलले, थकबाकी तीच राहिली.

सध्या डॅनियल काह्नमन चालू आहेत. मानसशास्त्रज्ञ असून 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेला माणूस. माणूस घाईनं मत बनवतो, हे त्यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'मध्ये फार छान मांडलंय. हे पुस्तक सर्वश्रेष्ठ आहे, असं मत वाचाचनी पहिल्याच प्रकरणात बनवलं. त्यातला एक किस्सा मात्र बहारीचा आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी पाठ्यपुस्तक लिहायला मंडळी बसली, साधारण दोन वर्षांचा अंदाज बांधला आणि काम संपायला लागली आठ वर्षं. अंदाज बांधणाऱ्यांत खुद्द काह्नमन होते! वाचाचनी हा किस्सा सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगवून सांगितला आणि त्याच दमात जाहीर केलं, "बिल्डिंगचं रंगकाम महिन्याभरात उरकतो." गणपती येऊन गेले, बांबूंची परांची अजून माझ्या खिडकीला टेकून उभी आहे.

मध्यंतरी ते ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' घेऊन आले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांचा उद्धार सुरू झाला, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 साली दिलेलं हे उत्तर. लहानसं पुस्तक, पण पानोपानी पुरुषांची खरडपट्टी. वाचाच मला म्हणाले, "वहिनींना द्या. बायकांनी वाचाच."

"भाऊजी, तुम्ही वाचलंत का?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"चाळलंय."

"बरं झालं आणलंत. दिवाळीत तुम्हीच नेलं होतंत."

पंचाईत अशी की त्यांनी सुचवलेलं एकही पुस्तक टाकाऊ निघत नाही. तेव्हा तुमच्याकडे ते आले तर पुस्तक जरूर ठेवून घ्या, वाचाही. फक्त आधी पहिलं पान उघडून बघा. तिथे माझी सही असेल, तर वाचून झाल्यावर थेट माझ्याकडे पाठवा, त्यांच्या हाती परत देऊ नका.