ॲव्हरेजवाले काका

सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की बायका ओवाळतात, पोरं हॉर्न वाजवतात आणि काका तोंडातला पेढा संपायच्या आत विचारतात, "देते किती?" शोरूमने सांगितलेला आकडा ऐकून हसतात. "तो एआरएआयच्या चाचणीचा. तिथे गाडी रोलरवर पळते, सिंहगड रोडवर नाही."

काकांचं स्वतःचं शास्त्र कडक. टाकी फुल करायची ती नोझल आपोआप बंद होईपर्यंतच. पंपावरच्या पोराने "राउंड फिगर करू?" म्हणत आणखी थोडं ढकललं, की सगळा हिशेब पाण्यात. पुढच्या वेळी पंप तोच, बाजूही तीच, कारण पलीकडे फरशी उतरती आहे. मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचं आणि डायरीत दोन दशांशांपर्यंत उतरवायचं. शेवटच्या रकान्यात शेरे: 'हवा कमी', 'कात्रजला ट्रॅफिक', 'मेव्हणे मागे बसले होते'.

गणितात मात्र माणूस पक्का. एकदा पार्किंगमध्ये दोघांची जुंपली. एकाने ४० देणारी स्कूटर विकून ५०ची घेतलेली, दुसऱ्याने १० देणारी गाडी विकून साडेबाराची. स्कूटरवाला मिशीला पीळ देत होता. काकांनी शेजारच्या धुळकट बॉनेटवर बोटाने भागाकार मांडला. शंभर किलोमीटरला स्कूटरचे अडीच लिटर होते ते दोन झाले. गाडीचे दहाचे आठ. "तुझा वाचला अर्धा लिटर, याचे दोन! लिटरला किती जाते ते सोडा, शंभराला किती पिते ते बघा." स्कूटरवाल्याची मिशी खाली आली.

परवा घरच्या चौघांना साताऱ्याला लग्नाला जायचं होतं. अंतर ११० किलोमीटर. गाडी १५ देते, म्हणजे माणशी पावणेदोन लिटरच्या वरच. ४५ देणाऱ्या दोन स्कूटर काढल्या तर माणशी सव्वा, शिवाय टोल नाही. एसटी लिटरला पाचच्या आसपास देत असेल, पण ४० माणसं घेऊन. माणशी जेमतेम अर्धा लिटर.

"म्हणजे एसटीच ना?" काकूंनी पिशवी उचलली. "आम्हा बायकांना तिकीटही अर्धंच. चल गं सूनबाई." मुलगाही बॅग घेऊन मागोमाग निघाला.

काका एकटेच गाडीने गेले. टाकी आदल्या दिवशीच फुल केली होती, हिशेब अर्धवट राहिला असता. माणशी सात लिटरांच्या वर पडलं.