समुद्रमंथन, मजला पहिला

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वर विष्णू, मधे पर्वत, त्याखाली कासव आणि दोन्ही बाजूंनी वासुकीला ओढणारे देव अन् असुर. मराठी प्रवासी ते पाहून हरखतो, सगळ्या कुटुंबाला रांगेत उभं करून फोटो काढतो. मात्र हे शिल्प परतणाऱ्यांच्या वाटेवर आहे, पासपोर्टवर शिक्का बसल्यानंतरच्या दालनात. नव्याने उतरणाऱ्याला ते दाखवत नाहीत. त्याला प्रत्यक्ष मंथनात भाग घ्यायचा असतो, दोर म्हणून.

विमानतळ 2006 मध्ये सुरू झाला. सुवर्णभूमी हे नाव राजा भूमिबोल यांनी दिलेलं. त्याआधी लोक या जागेला ‘नोंग न्गू हाओ’ म्हणत, म्हणजे नागांची दलदल. शहराचं पूर्ण नाव तर जगातल्या सर्वांत लांब स्थळनामांत मोडतं. पाली-संस्कृतात गुंफलेल्या त्या नावाच्या शेवटी सांगितलंय, की ही नगरी इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने बांधली. विमानतळापासून नगरीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरांबद्दल इंद्राने काही आज्ञा केल्याचं त्यात नाही.

आगमन दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडताच पाटी घेतलेली माणसं ‘टॅक्सी, सर?’ म्हणत पुढे येतात आणि एकरकमी भाडं सांगतात. रुपये-बाटांचा हिशेब डोक्यात पक्का नसल्याने प्रवाशाला ते स्वस्त वाटतं. खरी मीटरची टॅक्सी एक मजला खाली आहे. तिथे यंत्राचं बटण दाबलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर रांगेचा क्रमांक असतो, त्या क्रमांकाखाली टॅक्सी उभी असते. मीटर 35 बाटांपासून सुरू, वर विमानतळाचे 50 बाट आणि टोल प्रवाशाच्या खिशातून. हे 50 बाट वाचवण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे: बॅगा घेऊन चौथ्या मजल्यावर जायचं आणि कुणाला तरी सोडून रिकामी झालेली टॅक्सी पकडायची. विमानात पाण्याच्या बाटलीला दीडशे रुपये मोजलेले काका अशा वेळी तीन बॅगा आणि दोन नातवंडांसह लिफ्टची वाट बघताना सापडतात.

टॅक्सी मिळाली की थाई भाषेतले पहिले दोन शब्द शिकायला मिळतात: ‘रोत तित’. शब्दशः अर्थ, गाडी चिकटली. मराठीत वाहतूक तुंबते, इथे चिकटते. मीटर मात्र कुठेच चिकटत नाही, गाडी उभी असतानाही त्याचे आकडे पळत राहतात.

शहाणा प्रवासी म्हणून आणखी खाली, तळघरात उतरतो. तिथे 2010 मध्ये सुरू झालेली एअरपोर्ट रेल लिंक आहे. आठ स्थानकं, फाया थाईपर्यंत अर्धा तास, भाडं 45 बाट. दृष्ट लागावी अशी सोय. भारतातून रात्री निघालेली बरीच विमानं ती सुरू होण्याआधीच उतरतात, एवढंच. आरंभी न थांबता जाणारी वेगळी एक्स्प्रेसही होती. तिच्यासाठी मक्कासानला भव्य स्थानक बांधलं, शहरातच सामान सोपवून मोकळं होण्याची व्यवस्था केली. भुयारी रेल्वेचं स्थानक हाकेच्या अंतरावर होतं, पण तिथवर जाणारा पादचारी पूल पुढे काही वर्षांनी आला. तोवर बॅग ओढत रस्ता पार करायची जबाबदारी प्रवाशाची. चार वर्षांत एक्स्प्रेस बंद पडली. स्थानक अजून भव्य आहे.

फाया थाईला उतरून 1999 पासून धावणारी स्कायट्रेन पकडावी, तर मघाचं टोकन चालत नाही. स्कायट्रेनच्या कार्डाचं नाव ‘रॅबिट’, म्हणजे ससा. सगळ्या गाड्यांना एकच कार्ड असावं म्हणून सरकारने जे आणलं त्याचं नाव ‘मँगमूम’, म्हणजे कोळी. ससा काही कोळ्याच्या जाळ्यात शिरला नाही. प्रवाशाने हे प्राणिसंग्रहालय खिशात बाळगायचं आणि कुठल्या दाराला कुणाला पुढे करायचं ते लक्षात ठेवायचं.

जुन्या डॉन म्युआंगला उतरणाऱ्यांनी हसू नये. या विमानतळाचा इतिहास 1914 पासूनचा. तिथल्या रुळांवरून उन्नत रेल्वे आणि रस्ता नेण्याचा होपवेल प्रकल्प 1990 मध्ये ठरला, 1998 मध्ये रद्द झाला आणि मागे राहिले काँक्रीटचे खांब. डोक्यावर काहीही नसलेले ते खांब वर्षानुवर्षं ओळीत उभे होते. लोक त्यांना बँकॉकचं स्टोनहेंज म्हणत. याच मार्गावर लाल रेल्वे धावायला 2021 साल उजाडलं. दोन्ही विमानतळ जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचा करार 2019 मध्ये झालाय. पुढची काही वर्षं फक्त वाटाघाटी वेगाने धावल्या.

टुकटुक पाहून मराठी माणसाला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. रिक्षाच की ही! फक्त मीटर नाही. चालक प्रेमाने सांगतो, आज देऊळ बंद आहे, दुसरीकडे नेतो. देऊळ उघडंच असतं. दुसरीकडे रत्नांचं दुकान असतं.

शेवटी स्कायट्रेनच्या जिन्याखाली प्रवासी घामाघूम उभा असतो आणि हॉटेल असतं गल्लीच्या, म्हणजे ‘सोई’च्या, पार दुसऱ्या टोकाला. सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेटवाले मोटारसायकलस्वार बसलेले असतात. त्यांच्या अड्ड्याला ‘विन’ म्हणतात. कुठल्याच महामंडळाच्या आराखड्यात न बसलेलं अंतर हे लोक तोडतात. एक जण उठतो, मोठी बॅग पुढे गुडघ्यांत धरतो, काकांना मागे बसवतो आणि चिकटलेल्या गाड्यांच्या फटीतून पाच मिनिटांत दारात सोडतो.

परतीच्या दिवशी काका चार तास आधी निघतात. टॅक्सीनेच, कारण आता बॅगा पाच आहेत. साडेतीन तास आधी पोहोचतात, वेळ उरतो, शिल्पासमोर फोटो होतो. सगळं कुटुंब विष्णूकडे बघतंय. काका मात्र तळाशी पर्वत पेलून बसलेल्या कासवाकडे, कुठेतरी टॅक्सीत भेट झाल्यासारखं.