शिट्ट्या किती झाल्या?

स्वयंपाकघरातून हा सवाल आला, की आमच्या घरात साक्षीदार फुटतात. आई म्हणते तीन, मी म्हणतो दोन. एका कानात मीटिंग, दुसऱ्यात क्रिकेटची कॉमेंट्री आणि समोर निवडायची मेथी असा संसार मांडून बसलेला मेहुणा विचारतो, “कुकर कधी लावला?”

बिचाऱ्या मेंदूची बाजूही ऐकायला हवी. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितलं, की एका वेळी डोक्यात साधारण सात गोष्टी मावतात, दोन कमी-जास्त. २००१मध्ये नेल्सन कोवान यांनी आकडा चारवर आणला. म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, आलं, लिंबू इथवर आपण निर्धास्त; “येताना इस्त्रीचे कपडेही आण” म्हटलं, की मिरच्या गळल्याच!

बरं, चार गोष्टी मावल्या म्हणून डोकं लागणारी चार कामं एकदम होतात असं नाही. मेंदू या कामावरून त्या कामावर उड्या मारतो आणि दर उडीला ‘कुठवर आलो होतो?’ हे शोधण्यात वेळ घालवतो. उडी आपल्याला जाणवत नाही, म्हणून तिला आपण हुशारी म्हणतो.

सायमन्स आणि शाब्री या दोघांनी १९९९च्या प्रयोगात लोकांना एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्या शर्टवाले खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा टाकतात, ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती आली, छाती बडवून निघून गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! शिट्ट्या मोजणाऱ्याच्या नाकासमोर दूध उतू जातं, त्याचं मला आता नवल वाटत नाही.

तेलुगू मुलखातले अष्टावधानी मात्र पद्यं रचता रचता मध्येच वाजणाऱ्या घंटेचे ठोकेही मोजतात. पण त्यामागे वर्षानुवर्षांची साधना असते. मेहुण्याने नुसते इयरफोन घेतलेत.

यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये त्याच्यासारख्यांचं मापच काढलं. सर्रास अनेक कामं एकदम करणारे चाचणीत मागे पडले. स्वतःच्या कुवतीचा अंदाज मात्र फुगलेला. हे मी त्याला वाचून दाखवलं. टाइप करता करता तो म्हणाला, “वाच वाच, लक्ष आहे माझं.”

तुमच्याकडेही मोबाइलवरून नजर न काढता “बोल, ऐकतोय” म्हणणारा कोणी असेलच. तेवढ्यात त्याच्याकडे उसने पैसे मागून घ्या. ‘हो’ म्हणेल.