चार कॉर्डांचा धनी

पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत हल्ली एक तरी उकुलेलेवाला सापडतो. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी लॅपटॉपवरची, माळ्यावर एक गिटार. बोटं सोलवटली म्हणून ती तिथे गेली. मग ऑनलाइन मागवलेलं हे हातभर वाद्य आलं. खोकं संध्याकाळी उघडलं आणि रात्रीचं ताट वाढेपर्यंत गृहस्थाला सी, ए मायनर, एफ आणि जी अशा चार कॉर्ड वाजवता येऊ लागल्या. शिक्षण तिथेच संपलं. त्यानंतर भंडारदऱ्याच्या काजव्यांपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत सगळीकडे तो वाद्य घेऊन गेला, कोणाचंही कुठलंही गाणं त्या चारांत बसवलं, जिथे बसलं नाही तिथे ‘ना ना ना’ केलं. पाचवी कॉर्ड मात्र आली नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. आळशी माणूस नवीन तारा ताणून सैल होतात म्हणून दर दहा मिनिटांनी ट्यूनर लावून बसत नाही, आणि वर हवामानाला दोष देत नाही. त्याचं नुकसान केलं ते पहिल्याच संध्याकाळी मिळालेल्या यशाने.

व्हायोलिन शिकणाऱ्याचं बघा. त्याला पहिलं वर्षभर घरचेच लोक गॅलरीत पाठवतात, आणि गॅलरीतून शेजारचे परत आत पाठवतात. त्यामुळे तो एक तर सोडून देतो, नाही तर शिकतो. मधली सोय नाही. उकुलेले ही मधली सोय आहे. त्याच्या चार मोकळ्या तारा जी, सी, ई, ए अशा लावलेल्या असतात. पांढरी एकला सा धरला तर हे स्वर होतात प, सा, ग, ध. म्हणजे भूपातला फक्त रिषभ तेवढा घरी राहिला. काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी वाईट वाजणं अवघड. त्यात शेवटच्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एक बोट ठेवलं की धैवताचा तारषड्ज होतो आणि सी मेजर तयार. एका बोटात अख्खी कॉर्ड! इतक्या कमी कष्टात इतकी शाबासकी मिळाल्यावर ‘हे झालं कसं?’ असं विचारायला कोण थांबेल?

हा रोग आपल्याकडचा नाही आणि आजचाही नाही. १८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांत काम करायला जहाजाने होनोलुलूला पोचले. त्यांच्यात मान्युएल नुनेस आणि आणखी काही सुतार होते. गावाकडच्या माशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांनी हवाईत उकुलेले घडवलं, राजा कालाकाउआने ते उचलून धरलं आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिका त्यापायी वेडी झाली. १९२० च्या दशकात तिथे छापील गाण्यांच्या डोक्यावर चौकटी येऊ लागल्या: चार उभ्या रेघा, काही आडव्या आणि बोट ठेवायच्या जागी काळा ठिपका. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती अप्रतिम होती. स्वर ओळखायची गरजच संपली. आपला उकुलेलेवाला त्याच ठिपक्यांचा वारस आहे. त्याला कॉर्ड दिसते, ऐकू येत नाही. एफ म्हणजे काय असं विचारलं तर तो दोन बोटं हवेत वाकडी करून दाखवतो.

गंमत अशी, की समजून घ्यायचं सगळं सामान त्याच्या घरातच पडलेलं असतं. लहानपणी आईने पेटीच्या क्लासला घातलेलं असतं. अलंकार घोकून घेतलेले असतात. त्या भाषेत त्याच्या चार कॉर्ड म्हणजे सा-ग-प, प-नि-रे, ध-सा-ग आणि म-ध-सा. चारांत मिळून बिलावलचे सातही स्वर येतात, म्हणूनच साध्या चालीचं जवळजवळ कुठलंही गाणं त्यांत मावतं. ए मायनर धरलेली असताना एक बोट वाढवलं की एफ होते, कारण तेवढ्याने गंधाराचा मध्यम झाला. बाकीचे दोन स्वर जागचे हललेच नाहीत. हा बदल त्याची बोटं रोज शेकडो वेळा करतात. मालकाला पत्ता नसतो. मोकळ्या तारांना पुस्तकं कधी सी सिक्स्थ म्हणतात, कधी ए मायनर सेव्हन्थ, आणि तो गोंधळून पान उलटतो. खरं तर स्वर तेच. एकदा षड्जाला घर मानलं, एकदा धैवताला. मूर्च्छना ऐकून माहीत असलेल्या मराठी कानाला यात जड काय आहे?

न समजण्याची किंमत मात्र त्याला ई मेजरपाशी मोजावी लागते. या कॉर्डचं नाव काढलं की तो करंगळीच्या लांबीबद्दल बोलू लागतो. करंगळीचा काही दोष नाही. ई मेजरमध्ये ई, जी शार्प आणि बी हे स्वर लागतात. मोकळ्या चार तारांपैकी त्यात बसते एकटी ई. उरलेल्या तिघींना दाबून वळवावं लागतं, म्हणून ती अवघड. हे कारण कळलं तर माणूस निदान शांतपणे सराव तरी करील. हा गाणंच बदलतो. आणि खरी फजिती सत्यनारायणानंतर होते, जेव्हा भजनी मंडळातल्या काकू त्याला कौतुकाने म्हणतात, “घे रे तुझं ते, मी काळी पाचमध्ये म्हणते.” काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. त्याच्या चार ठिपक्यांत ती नाही. सा-ग-प हा हिशोब डोक्यात असता तर दोन अर्धस्वर खाली मोजून त्याने तेच चार आकडे नव्या जागी मांडले असते, दोन-तीन नवीन पकडी शोधल्या असत्या. आता तो म्हणतो, “काकू, सीमध्ये म्हणा ना.” काकू सीमध्ये म्हणत नाहीत. पेटीवाले आजोबा एका बोटाने सा देतात आणि भजन सुरू होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कॉर्ड आपल्या संगीतातल्या नाहीतच, मग त्या समजल्या काय, न समजल्या काय? रागसंगीतापुरतं हे कबूल. पण उकुलेलेवाला मारवा वाजवायला बसलेला नाही, त्याला जुनी हिंदी गाणी हवी असतात. त्या गाण्यांच्या वाद्यवृंदात स्वरमेळ भरला तो गोव्याच्या लोकांनी. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं वाद्यमेळ लिहीत होते. अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि इतरांना शिकवत. त्या पिढीतले कितीतरी वादक चर्चच्या पॅरिश शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आले होते. पोर्तुगिजांनी मदेराहून हवाईला वाद्य नेलं आणि गोव्यात स्वरलिपी ठेवली. आपल्या माणसाने पहिलं घेतलं, दुसरं शेजारी असूनही राहून गेलं. त्याच्या आवडत्या गाण्यात पाचवी, सहावी, सातवी कॉर्ड आहे. तो ती चारांवर आणतो आणि मग ‘ओरिजिनलसारखं का वाटत नाही?’ म्हणून नवीन तारा मागवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माणूस दिवसभर मीटिंगांत पिळून निघतो, रात्री दहा मिनिटं चार कॉर्ड छेडतो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात. त्याला व्याकरण कशाला शिकवता? आनंदासाठी चार पुरतात, हे मला मान्य आहे. पुरतात तोवर. तो स्वतः मात्र समाधानी दिसत नाही. समाधानी माणूस सोप्रानो आकाराच्या उकुलेलेवरून कॉन्सर्टवर, कॉन्सर्टवरून टेनरवर जात नाही, आणि माळ्यावर गिटारशेजारी दोन रिकामी खोकी ठेवत नाही. त्याला काहीतरी अडतंय हे त्याला कळतं. काय अडतंय ते कळत नाही, आणि जे विकत मिळतं तेच तो बदलून बघतो.

तिसरा आक्षेप मात्र कोणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्या म्हणण्याला तोच सर्वांत घातक आहे. समजा, त्याला खरंच समजलं. मग शेकोटीभोवती लोक टाळ्यांना हात वर करून बसलेले असताना हा वाद्य मांडीवर आडवं ठेवून सांगू लागेल, की डिमिनिश्ड सेव्हन्थ दर तीन फ्रेटनी सरकवली तरी पुन्हा तेच चार स्वर येतात, फक्त क्रम बदलतो. विधान बरोबर आहे. शेकोटी विझेल. काजवे बघायला आलेले लोक तंबूत जाऊन झोपतील. तरीही ही अवस्था मी पत्करीन, कारण समजावून सांगायची ही खाज फार टिकत नाही. ऐकणारे संपतात, मग तो नाइलाजाने वाजवू लागतो. आणि पुढच्या सत्यनारायणाला काकूंनी काळी पाच म्हटल्यावर आजोबांच्या पेटीआधी जर बी फ्लॅट वाजली, तर काकू ‘जरा हळू वाजव रे’ एवढंच म्हणतील.