तीन शब्दांचा जाहीरनामा

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आबा,

मुले शाळेत जातात, आपली सूनबाई कचेरीत जाते आणि थंडी उंबऱ्यावर येऊन ठेपली आहे, एवढ्यावर क्षेमकुशल आटोपून मूळ मजकुराकडे वळतो. कारण ज्यांची हयात प्राथमिक शाळेच्या दफ्तरात गेली, त्या आपणांस येथील स्कूल बोर्डाच्या निवडणुकीची हकीगत कळवल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडची जिल्हा स्कूल बोर्डे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा इतिहासजमा झाली. येथे मात्र बहुतेक गावांच्या सरकारी शाळांवर लोकांनी निवडलेल्या बोर्डाचा अंमल अद्याप चालतो. उमेदवार देशाचा नागरिक, वर्षभराचा रहिवासी आणि नोंदलेला मतदार असावा, आणि (हसू नये) त्याला लिहिता-वाचता यावे, अशी कायद्याची अट आहे. पदाला वेतन नाही, हे ऐकून सूनबाईने “मग हे उभे तरी कशाला राहतात?” असा अस्सल मुरबाडी प्रश्न केला. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, मतपत्रिकेवर नावाशेजारी उमेदवाराला आपले तत्त्व छापून घेता येते, परंतु ते तीन शब्दांत मावले पाहिजे. आपल्या मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत ध्वनिक्षेपक हाती आला की जे सोडत नाहीत, त्या आपल्या पुढाऱ्यांना हा नियम लावला तर तालुक्याचे राजकारण एका हंगामात ओस पडेल!

गेल्या रविवारी या बोर्डाचे एक उमेदवार गृहस्थ पत्रके घेऊन दारी आले. सूनबाईने पोहे पुढे केले, त्यामुळे त्यांना जाहीरनामा सविस्तर सांगण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिसरी संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे, वर्ग लहान हवेत, शिक्षक वाढावेत, बस वेळेवर यावी, आणि हे सर्व करवाढ न करता व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे घरपट्टीचा निम्म्याहून अधिक भाग शाळांकडे जातो. म्हणून शिक्षणाविषयीचा प्रत्येक उदात्त विचार अखेरीस घरपट्टीच्या बिलावर येऊन आदळतो. शिक्षक वाढणार आणि खर्च वाढणार नाही, हे त्रैराशिक कोणत्या रीतीने सुटते, असे मी विचारले. त्यावर त्यांनी पोह्यांची स्तुती केली.

गैरहजेरी हा शाळांचा मोठा रोग आहे, हे मात्र त्यांनी कळकळीने सांगितले. तेव्हा मी त्यांना आपल्याकडच्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांची हकीगत ऐकवली : दिवाळी सरली की कातकरी-ठाकरांची बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर निघतात, हजेरीपटावर नावे राहतात आणि मुले भिवंडी-कल्याणकडे जातात, मग त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे आणि भट्टीजवळच्या शाळेने ते ओळखावे म्हणून प्रार्थना करावयाची. गृहस्थांनी सारे वहीत टिपून घेतले आणि गंभीरपणे विचारले, “ही भट्टी कोणत्या बसमार्गावर येते?”

तरीही आबा, एका गोष्टीत मी या लोकांना मानतो. बोर्डाची सभा खुली असते, जमाखर्च सर्वांपुढे मांडला जातो, आणि एखादी बाई बसथांब्याच्या प्रश्नावर उठून अध्यक्षांस भंडावून सोडते. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना व निम्म्या स्त्रियांना दिल्या, म्हणजे कागदावर आपण यांच्या पुढे गेलो. परंतु सभा तहकूब होत नाही, कारण ती मुळात भरतच नाही, आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते, हे आपल्याच पत्रावरून कळले. समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून आपली नेमणूक आहे. तेव्हा ही वही फिरवणे कृपा करून थांबवावे.

त्याच कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षकांची तरतूद आहे आणि आपली शाळा एकाच गुरुजींवर चालते. २ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना देण्यासाठी पुढारी सिद्धगडावर येतील, तेव्हा वाडीतल्या मायबहिणींना सोबत घेऊन दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीची दरखास्त त्यांच्या हाती द्यावी, आणि पोच लेखी घ्यावी. मसुदा सोबत जोडला आहे; तो तीन शब्दांहून मोठा आहे, परंतु पोह्यांचा खर्च त्यात धरलेला नाही.

आपला आज्ञाधारक,
बाळू